खिंडीच्या अलीकडे

ताई,

तुमच्या तेराव्याच्या दिवशी, घरात एवढी माणसं असताना, मी तुमच्यावर चिडले. वाढायला भात काढत होते, तो तसाच ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. माणूस जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत आणि आपल्याला त्याचा राग आलाय, हे सांगायचं कोणाला? एरवी तुम्हालाच सांगितलं असतं. श्रीकांतवर चिडायचे तेव्हाही मी तुम्हालाच फोन करायचे. सख्ख्या भावाच्या तक्रारी भावजयीकडून शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायचं, "लहानपणापासून तसाच आहे गं तो," असं करणारी नणंद मला दुसऱ्या कोणाकडे दिसली नाही. म्हणून हेही तुम्हालाच सांगते. मध्येच तोडू नका. तुमची ती सवय होती.

श्रीकांत गेल्यावर मी डोंबिवलीच्या घरात नुसती बसून असायचे. सकाळी उठायचं, चहा करायचा, तो गार होईपर्यंत बघत बसायचं. लोक येत होते, तोवर ठीक होतं. मग लोक यायचे थांबले. एके दिवशी तुम्ही टिटवाळ्याहून आलात. चप्पलही न काढता दारातून म्हणालात, "चल, बूट घ्यायला जायचंय."

"कसले बूट?"

"डोंगरातले. आपण दोघी हिमालयात जातोय. मे महिन्यात. नाव दिलंय मी तुझं."

मला वाटलं, भाऊ गेल्यामुळे तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी बावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारी बाई. आयुष्यात चढलेली सगळ्यात मोठी चढण म्हणजे मलंगगड, तीही लग्नाआधी. तुम्ही मोबाइल काढून मला वाचून दाखवलंत, "पहिल्यांदाच ट्रेक करणाऱ्यांसाठी. बघ, सोपा म्हटलंय. सगळं तुझ्यासारख्यांसाठीच आहे." त्यातल्या 'तुझ्यासारख्यांसाठी'वर तुम्ही भर दिलात. तुम्ही स्वतःला नवशिक्या समजतच नव्हतात. तीस वर्षं शाळेत मुलींना पीटी शिकवलेली बाई. दर हिवाळ्यात मुलींना घेऊन कुठल्या ना कुठल्या गडावर जायचात. हिमालय तेवढा राहिला होता. आधी तुमच्या सासूबाईंचं आजारपण, मग लेकाची, अमेयची, दहावी-बारावी, मग तुमचे यजमान गेले. दर वेळी काहीतरी आडवं आलं. हे तुम्ही कधी तक्रार म्हणून सांगितलं नाहीत, पण तुमच्या हॉलमध्ये कॅलेंडरवरून कापलेला बर्फाच्या डोंगराचा फोटो किती वर्षं लावलेला होता, ते मी बघितलं होतं.

ठाण्यात बूट घेताना तुम्ही दुकानातल्या स्टुलावर बसून माझा अंगठा बुटावरून दाबून बघितलात. "एक नंबर मोठा घे. उतरताना बोटं पुढे येतात, नखं काळी पडतात." दुकानदार बघत राहिला. मग सराव. तुमच्या इमारतीला नवीकोरी लिफ्ट असताना पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून आपण जिन्याने वरखाली करायचो. वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, घर बदलताय का?" तुम्ही म्हणालात, "हो, हिमालयात." तो बिचारा हसला. मी पण हसले. श्रीकांत गेल्यानंतर पहिल्यांदा. माझं हसू तुमच्या लक्षात आलं होतं. उगीच अजून एक मजला चढायला लावलात.

माहुलीच्या गडावर नेलंत तेव्हा मी वरच्या शिडीपाशी रडले होते. पायांत त्राण नव्हतं आणि मागून कॉलेजची मुलं "काकी, साइड प्लीज" म्हणत होती. तुम्ही त्या मुलांना थांबवलंत. पीटीच्या आवाजात म्हणालात, "काकी वर जाणार आहेत. तुम्ही पाणी प्या तोवर." आणि मी वर गेले. हे विसरायचं ठरवलं तरी मला विसरता येणार नाही. आज जो राग आहे तो याच माणसावर आहे, हीच तर अडचण आहे, ताई.

मग तो ट्रेक. वीस-एक जणांचा ग्रुप, त्यातले बरेच आयुष्यात पहिल्यांदा स्लीपिंग बॅगेत झोपणारे. आपल्या तंबूत तिसरी ऋजुता होती, ठाण्याची, नुकताच स्वतःचा दातांचा दवाखाना टाकलेली. पहिल्याच दिवशी ती आपल्याला मावशी म्हणायला लागली. लीडर विक्रम, तिथलाच पहाडी मुलगा, रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावायचा आणि रोज तेच सांगायचा. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच सांगा, लपवू नका, इथे हिरोगिरी करायची नाही. तुम्ही शाळेतल्या बाईंसारख्या मान डोलवायचात आणि मग आमच्याकडे वळून तेच मराठीत पुन्हा सांगायचात. "ऐकलंत ना? लपवायचं नाही."

शेवटच्या मुक्कामावरून खिंड दिसायची. दोन काळ्या सुळक्यांच्या मधे पांढरी खोबण. तुम्ही तंबूच्या बाहेर बसून तिच्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. मी सांगितलं. लपवलं नाही. विक्रमने पाणी प्यायला लावलं, म्हणाला, पडून राहा, संध्याकाळी बघू. मी तंबूत डोळे मिटून पडले, मग डोळा लागला. उन्हं उतरली तेव्हा तुम्ही आत आलात. चेहरा काळवंडलेला होता. म्हणालात, "सुनंदा, तुला खाली न्यायला सांगितलंय. उद्या पहाटे बाकीचे वर जातील. आपण खाली जायचं."

डोकं जरा हलकं झालं होतं, पण मला वाटलं, यंत्रात काहीतरी वाईट दिसलं असेल. मी म्हटलं, "मला नेऊ देत ना ते खाली. तुम्ही जा वर."

"तुला एकटीला सोडून?"

"एकटी कशी? त्यांचा माणूस असेल बरोबर. ताई, तुम्ही इतकी वर्षं..."

"विषय संपला," तुम्ही म्हणालात आणि सॅक भरायला लागलात.

पहाटे बाकीचे वर निघून गेले आणि उजाडल्यावर आपण खाली निघालो, त्यांचा माणूस सॅक घेऊन पुढे. मी रडत होते. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. माझ्या या डोक्यापायी या बाईचं एवढं राहिलं, असं वाटत होतं. तुम्ही थोड्या थोड्या वेळाने थांबायचात. "बस जरा, दमली असशील." माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचात. "तोल जाईल तुझा." आणि मी तुमच्या हाताखाली चालत होते, मनातल्या मनात तुमची माफी मागत.

त्यानंतर चार वर्षं ही गोष्ट घरात फिरली. कोणी विचारलं, "काय वसुधा, गेली होतीस ना हिमालयात?" की तुम्ही सांगायचात, "अगदी तोंडाशी गेलो होतो. हिचं डोकं दुखायला लागलं, काय करणार! भावजयीला सोडून कशी जाऊ?" रागाने नाही सांगायचात. हसत सांगायचात, माझ्या पाठीवर हात ठेवून. लोक तुमचं कौतुक करायचे आणि माझ्याकडे बघायचे. ठाण्याला तुमच्या आत्यांकडे, अक्कांकडे, गणपतीत तर हे दर वर्षी. परत येताना एकदा रिक्षात मी म्हटलंही होतं, "ताई, तुम्ही तेव्हा वर गेला असतात तर मला जास्त बरं वाटलं असतं."

"तुला काय कळतंय त्यातलं," तुम्ही म्हणालात आणि रिक्षावाल्याला सांगितलंत, "दादा, डावीकडून घ्या." तो वाद तिथेच राहिला. मला वाटायचं, कधीतरी निवांत बसून पूर्ण करू.

मग तुमचं आजारपण आलं. उपचार कल्याणला होते. टिटवाळ्याला तुम्ही एकट्या, अमेय बंगळुरूला, म्हणून मी म्हटलं माझ्याकडे राहा. तुम्ही आलात, पण शेजारच्या जोशीकाकूंना काय सांगितलंत? "सुनंदाला एकटीला भीती वाटते. म्हणून आलेय सोबतीला." मी दारामागे उभी होते. टेबलावर तुमच्या औषधांची पिशवी काकूंनी बघितली तर म्हणालात, "सुनंदाची आहेत. बीपी." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, माझीच." त्या गेल्यावर आपण दोघी इतक्या हसलो की तुम्हाला खोकला आला. मी तुम्हाला म्हटलं होतं, "उद्या केस गेले तर तेही माझेच गेले म्हणून सांगाल." तुम्ही म्हणालात, "बघू. जमलं तर."

ते मी हसण्यावारी नेलं. तुमचा स्वभाव म्हणून. केस गेले तेव्हा तुम्ही डोक्याला स्कार्फ बांधून गॅलरीत बसायचात. मी कण्हणं ऐकून धावत यायचे तर म्हणायचात, "काही नाही, तू झोप. किती दमतेस." मी दमत नव्हते, ताई. दमले असते तरी चाललं असतं. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "खूप दुखतंय का?" तुम्ही माझा हात दाबलात आणि म्हणालात, "तू जेवलीस का?" त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. त्याचंही मला इतके दिवस कौतुकच वाटत होतं.

आता तेराव्याचं सांगते.

तुमच्याच घरी केलं, टिटवाळ्याला. ऋजुता ठाण्याहून आली. बाहेर हॉलमध्ये तुमच्या फोटोसमोर बसली होती. अक्का सगळ्यांना जुन्या आठवणी सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "एकच राहिलं बिचारीचं. ती हिमालयातली खिंड. सुनंदामुळे उतरावं लागलं." अक्कांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी तेच ऐकलेलं. मी पाण्याचे ग्लास उचलून आत आले. मागोमाग ऋजुता आली. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"मावशी, त्या असं का म्हणाल्या?"

"कसं?"

"तुमच्यामुळे उतरल्या म्हणून."

"खरंच आहे ते. माझं डोकं नाही का दुखत होतं?"

ती म्हणाली, "मावशी, तुमचं डोकं संध्याकाळपर्यंत उतरत आलं होतं. तुम्ही झोपेत असताना विक्रमने तुमचं बोट तपासलं, मी तिथेच होते. तुमचा आकडा चांगला होता. तो म्हणाला होता, ही मावशी उद्या जाऊ शकते. वसुधामावशींना त्रास होत होता. त्या स्वयंपाकाच्या तंबूमागे उलट्या करत होत्या. त्यांना सरळ चालता येत नव्हतं. विक्रमने सांगितलं, तुम्हाला वर जाता येणार नाही, उजाडताच खाली जायला हवं. त्या त्याच्याशी भांडल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण सुनंदा माझ्याबरोबर येईल. आणि मला म्हणाल्या, तिला यातलं काही सांगू नकोस, ती घाबरेल. मी वचन दिलं होतं. मला वाटलं, खाली गेल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं असेल. चार वर्षांत कधी..."

कधीच नाही.

मी ओट्याला टेकले. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, भात आणा. आणि माझ्या डोळ्यासमोर ती उतरण आली. खांद्यावरचा तुमचा हात किती जड होता. तोल माझा जात नव्हता. बस जरा म्हणून थांबायचात तेव्हा धाप तुम्हाला लागायची, मी तर उभीच राहू शकत होते. मी त्या हाताखाली तुमची माफी मागत होते आणि तुम्ही मला मागू देत होतात.

ताई, उलट्यांचा राग नाही. त्या कोणालाही होतील, विक्रमलाही झाल्या असत्या. राग याचा आहे की तुम्ही रडलात ते ऋजुताला दिसलं, त्या मुलाला दिसलं, मला दाखवलं नाहीत. मी तंबूत, दहा पावलांवर पडले होते. नवरा गेलेली बाई मी. माझ्यासमोर रडायला तुम्हाला कसली लाज वाटली? आणि पुढे अक्कांकडे, गणपतीत, रिक्षात. दर वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तुम्ही दर वेळी माझ्या पाठीवर हात ठेवलात.

आणि आणखी एक. त्या पहाटे मी वर जाऊ शकत होते. मी. मलंगगड आणि माहुलीपलीकडे काहीही न चढलेली मी. त्या पांढऱ्या खोबणीत जाऊन पलीकडे काय दिसतं ते बघून आले असते. इतकी वर्षं मी तुमची राहिलेली खिंड म्हणून हळहळले. ती माझीही राहिली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग काय झालं ते सांगते, कारण त्याबद्दल तुम्ही मला ओरडणार आहात.

भात घेऊन मी बाहेर गेले. जेवणं झाली, बरीच माणसं गेली. अमेय तुमच्या खुर्चीत बसला होता. तुम्ही गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. सगळं करत होता, गुरुजी, केटरर, फोन. अगदी तुमच्यासारखा. मला म्हणाला, "मामी, एक विचारू? तुझं डोकं दुखलं नसतं तर आई गेली असती ना वर?"

ऋजुता दारात चपला घालत होती, ती थांबली. अक्काही बघायला लागल्या. मला माहीत होतं तुम्हाला कुठलं उत्तर हवंय. तुमची सगळी औषधं मी माझी म्हणून सांगितली होती, तसं हेही सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, ते 'हो' म्हणायलाच.

"नाही रे," मी म्हटलं. "तिला त्रास होत होता. तिला चालवत नव्हतं. खाली तिला न्यायचं होतं, मी सोबत होते."

अक्का उसळल्या. "सुनंदा! आज? तिच्या फोटोसमोर? गेलेल्या माणसावर ढकलतेस?"

ऋजुता पुढे झाली. म्हणाली, "आजी, मी होते तिथे. खरं आहे ते." अक्कांनी तिच्याकडे बघितलंही नाही. पदर खोचून आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. अजून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत.

अमेय माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आईला होत नव्हतं?"

"नव्हतं."

"मला कधी म्हणालीच नाही ती. कशाबद्दलच. मी फोन केला की मस्त आहे, तू ये तुझ्या सवडीने. मी सवडीनेच आलो, मामी." आणि मग तो रडला. एवढा मोठा माणूस, तोंड ओंजळीत धरून. मी त्याच्या शेजारी खाली फरशीवर बसले. त्याला गप्प केलं नाही. केलं असतं तर ते तुमच्यासारखं झालं असतं.

मी बरोबर केलं का? मला माहीत नाही. दिवसातून चार वेळा वाटतं की तुमच्याशी दगा केला. जे तुम्ही मरेपर्यंत झाकलंत ते मी तेराव्याला सगळ्यांसमोर उघडं केलं. मग अमेयचा फोन येतो. आता तो रोज करतो. परवा म्हणाला, "मामी, ऑफिसमध्ये बसवत नाही गं," आणि मी म्हटलं, "मग ऊठ, घरी जा." असं त्या मुलाला कधी कोणी म्हटलं असेल का, असा विचार आला. म्हणजे तुम्ही म्हटलं असेल का. मग तुमचाच राग येतो, आणि लगेच माहुलीची शिडी आठवते. असं चाललंय.

ऋजुता मागे लागलीये. पुढच्या मे महिन्यात तोच ट्रेक. "मावशी, पहिल्यांदा जाणाऱ्यांचाच आहे, अजून झेपेल आपल्याला." मी अजून हो म्हटलेलं नाही. अमेय म्हणतो, आईसाठी जा. तुमच्यासाठी मी जाणार नाही, ताई. गेले तर मला बघायचंय म्हणून जाईन. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल की वाईट, ते मला ठरवता येत नाहीये.

आता शेवटचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, अमेयलाही नाही. मी स्वतःला रोज सांगते की तुम्ही नुसतं म्हणायला हवं होतंत, सुनंदा, मला होत नाहीये, येतेस का माझ्याबरोबर खाली. मी एका क्षणात आले असते. आज असं म्हणणं सोपं आहे. पण त्या संध्याकाळी डोकं उतरलेलं असताना, समोर ती खिंड दिसत असताना, तुम्ही खरंच विचारलं असतंत, तर मी लगेच हो म्हटलं असतं का? मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा त्या तंबूत जाते. तुम्ही आत येता, विचारता. आणि दर वेळी मी हो म्हणायच्या आधी एकदा बाहेर, वर बघते.

ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का, ताई? म्हणून विचारलं नाहीत?

— सुनंदा